अमेरिकेत मेडिकल असिस्टंट व्हायचं असेल तर: फी भरण्याआधीपासून पुढच्या वाटांपर्यंत

सकाळचे आठ. पहिले रुग्ण साठीचे गृहस्थ, पार्किंग शोधता शोधता उशीर झालेला, धापा टाकत आत आलेले. त्यांना खोलीत बसवलं आणि लगेच दंडाला पट्टा बांधून यंत्राचं बटण दाबलं, तर आकडा येतो १५२/९०. तोच पट्टा काढून ठेवला, बाही नीट वर केली, पाठ खुर्चीला टेकवायला सांगितली, पायावर पाय होता तो खाली ठेवायला लावला, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला आणला आणि पाच मिनिटं दोघंही गप्प बसलो. आता आकडा १३४/८२. पहिला आकडा डॉक्टरांसमोर गेला असता तर कदाचित त्यांची गोळी वाढली असती.

मेडिकल असिस्टंटचं काम म्हणजे नेमकं हे. डॉक्टर ज्या माहितीवर निर्णय घेतात ती गोळा करणारी व्यक्ती आपण असतो. म्हणून हा अभ्यासक्रम 'वर्षभराचं सर्टिफिकेट' म्हणून उरकून टाकू नये असं मला मनापासून वाटतं. आणि तो कुठून करायचा हे ठरवताना उलट्या बाजूने, म्हणजे शेवटापासून विचार करावा, हे मला सांगायचं आहे. शेवटी कोणती परीक्षा देता येईल, प्रॅक्टिकम (दवाखान्यातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण) कुठे होईल, आपल्या राज्याचा नियम काय आणि त्यापुढे कुठे जायचं आहे, ही चार उत्तरं हातात आली की कॉलेज निवडणं सोपं होतं. बहुतेक जण याच्या उलट करतात. आधी जाहिरात बघतात, फी भरतात आणि हे प्रश्न शेवटच्या महिन्यात पडतात.

आधी गोंधळ दूर करू

मेडिकल असिस्टंट आणि फिजिशियन असिस्टंट या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. फिजिशियन असिस्टंट म्हणजे पीए. त्यासाठी मास्टर्स पदवी लागते, ते रुग्ण तपासतात, औषधं लिहून देतात. मेडिकल असिस्टंट, म्हणजे एमए, निदान करत नाही आणि औषध ठरवत नाही. सीएनए म्हणजे नर्सिंग असिस्टंट बहुतेक रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात रुग्णाची अंघोळ, हालचाल, खाणंपिणं सांभाळतात. एमए मुख्यतः बाह्यरुग्ण दवाखान्यात असतो. रुग्णाला खोलीत घेणं, वजन-ताप-रक्तदाब-नाडी, औषधांची यादी ताडून बघणं, इंजेक्शन, लस, रक्त काढणं, ईसीजी, आणि दुसऱ्या बाजूला फोन, अपॉइंटमेंट, विमा, रिफिल (संपलेलं औषध पुन्हा मागवणं), प्रायर ऑथरायझेशन (उपचाराआधी विमा कंपनीची मंजुरी). अर्धं काम हाताचं, अर्धं कागदाचं, अशी दुसरी नोकरी आरोग्यक्षेत्रात क्वचितच सापडेल.

रुग्ण तुम्हाला सर्रास 'नर्स' म्हणतील. दर वेळी हसून दुरुस्त करा. 'नर्स' हे पद अनेक राज्यांत कायद्याने राखीव आहे आणि ते आपलं नाही.

पहिली पायरी: तुमचा व्हिसा आणि तुमची आधीची पदवी

आपल्या लोकांसाठी हा मुद्दा सगळ्यात आधी यायला हवा, आणि नेमका तोच कुठल्याही माहितीपत्रकात नसतो.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर असाल तर शिकता येतं, पण ईएडी म्हणजे कामाचा परवाना नसेल तर पगारी नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना ईएडी मिळतो, प्रामुख्याने ज्यांच्या नवऱ्याची किंवा बायकोची आय-१४० (मालकाने ग्रीन कार्डसाठी केलेली विनंती) मंजूर झाली आहे त्यांना. एल-२ (कंपनीने बदली करून आणलेल्यांच्या) जोडीदारांना काम करता येतं. ग्रीन कार्ड असेल तर हा प्रश्नच नाही. आणि भारतात बसून कुणी 'मेडिकल असिस्टंटचा कोर्स करा, अमेरिकेत एच-१बी मिळेल' असं सांगत असेल तर त्याच्याकडून उठून या. एच-१बी ज्या कामाला किमान पदवी लागते त्यासाठी असतो. एमएच्या कामाला पदवी लागत नाही. या रस्त्याने तो व्हिसा मिळत नाही.

आता पदवी. तुम्ही भारतात बी.एससी. नर्सिंग किंवा जीएनएम केलेलं असेल तर एमएचा कोर्स करण्याआधी थांबा. तुमची वाट म्हणजे सीजीएफएनएस (परदेशी नर्सेसची कागदपत्रं तपासणारी संस्था, आता नाव ट्रूमेरिट) यांच्याकडून पडताळणी आणि मग एनक्लेक्स ही नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा. ती लांब वाटते, पण पगारात दुपटीचा फरक आहे. एमबीबीएस असाल आणि यूएसएमएलई (इथली डॉक्टरांच्या परवान्याची परीक्षा) देत असाल तर एमएची नोकरी दवाखान्याची पद्धत समजून घ्यायला उपयोगी पडते, एवढंच. बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस झालेल्या कितीतरी जणी मला या वर्गांत भेटल्या. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच्या पदवीवर इथे डॉक्टर म्हणून परवाना मिळत नाही हे कळलं की मन खट्टू होतं, ते मी जवळून पाहिलंय. पण शरीररचना, विकृतिशास्त्र, रुग्णाशी बोलण्याची सवय हे सगळं तुमच्याकडे आहेच. वर्गात तुम्ही पुढे असाल. फक्त 'मला येतंच' म्हणून प्रात्यक्षिकं टाळू नका. इथली पद्धत आणि इथले शब्द वेगळे आहेत. त्याबद्दल पुढे बोलते.

दुसरी पायरी: परीक्षेकडून कॉलेजकडे

बहुतेक राज्यांत एमए म्हणून काम करायला परीक्षा देऊन मिळणारं सर्टिफिकेट कायद्याने सक्तीचं नाही. पण मालक मागतात. यामागे एक ठोस कारणही होतं. सरकारच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या प्रोत्साहन योजनेत २०१३ पासून असा नियम आला की डॉक्टरांच्या ऑर्डर्स संगणकात टाकणारा एमए प्रमाणित असेल तरच ती नोंद धरली जाईल. तेव्हापासून मोठ्या संस्थांनी जाहिरातींत सर्टिफिकेटची अट जोर धरून घातली आणि ती टिकली.

या सर्टिफिकेटांची नावं पुष्कळ ऐकायला मिळतील. चार लक्षात ठेवा.

सीएमए हे अमेरिकन असोसिएशन ऑफ मेडिकल असिस्टंट्सचं. ही संघटना १९५६ पासून आहे. परीक्षेत २०० प्रश्न असतात, त्यातले १८० गुणांसाठी मोजतात. ४०-४० मिनिटांचे चार भाग. मुख्य रस्ता म्हणजे सीएएएचईपी किंवा एबीएचईएस या संस्थांची मान्यता असलेला अभ्यासक्रम पूर्ण करणं. दर ६० महिन्यांनी नूतनीकरण.

सीसीएमए हे नॅशनल हेल्थकरिअर असोसिएशनचं. १५० मोजले जाणारे प्रश्न आणि ३० चाचणीपुरते, वेळ तीन तास, नूतनीकरण दर दोन वर्षांनी. याला कोणत्या कॉलेजची मान्यता लागते ही अट सैल आहे आणि कामाच्या अनुभवावरही बसता येतं, म्हणून छोट्या व्यावसायिक शाळा बहुतेक याचीच तयारी करून घेतात.

आरएमए हे अमेरिकन मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट्सचं. १९३९ पासूनची संस्था. एनसीएमए हे नॅशनल सेंटर फॉर कॉम्पिटन्सी टेस्टिंगचं.

यातलं कोणतं चांगलं, असा प्रश्न मला सतत येतो. उत्तर तुमच्या गावात आहे. तुम्हाला गाडीने जाता येईल अशा अंतरातले दवाखाने आणि रुग्णालयं यांच्या पंधरा-वीस जाहिराती उघडा आणि कुठलं नाव किती वेळा येतं ते वहीत लिहा. काही ठिकाणी 'यांपैकी कोणतंही' असं असतं, काही ठिकाणी फक्त सीएमए आणि सीसीएमए. एका संध्याकाळचं काम आहे.

मी हे केलं नव्हतं. एका ऑनलाइन शाळेची सहा महिन्यांत सगळं पूर्ण अशी जाहिरात पाहून मी पैसे भरले. धडे बरे होते. शेवटी प्रॅक्टिकमची वेळ आली तेव्हा उत्तर मिळालं, 'जागा तुम्ही स्वतः शोधायची.' मी जवळपासच्या प्रत्येक दवाखान्याला फोन केला. सगळीकडे एकच प्रश्न यायचा: तुमच्या शाळेचा आमच्याशी करार आहे का, विद्यार्थ्याचा दायित्व विमा कोण काढणार? माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. सुई हातात न धरता मिळालेलं ते प्रमाणपत्र अजून एका फाइलमध्ये पडलंय. नंतर मी कम्युनिटी कॉलेजात (स्थानिक सरकारी कॉलेजात) पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्यामुळे फी भरण्याआधी कॉलेजला ईमेलवर, लेखी, पुढचे प्रश्न विचारा. फोनवरचं उत्तर कुणाच्या लक्षात राहत नाही.

- कार्यक्रमाला सीएएएचईपी किंवा एबीएचईएसची मान्यता आहे का? (कॉलेजला मान्यता असणं वेगळं आणि या विशिष्ट कार्यक्रमाला असणं वेगळं.)
- प्रॅक्टिकमची जागा कॉलेज देतं की विद्यार्थ्याने शोधायची? किती तास?
- गेल्या वर्षी किती जण परीक्षेला बसले, किती पास झाले, किती जणांना काम मिळालं?
- प्रयोगशाळेत प्रत्यक्ष किती वेळा रक्त काढायला आणि इंजेक्शन द्यायला मिळतं? रबरी हातावर की माणसावर?
- इथले क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या कोर्सचे गुणांक) नर्सिंगला किंवा दुसऱ्या पदवीला चालतात का, आणि कोणते?

मान्यताप्राप्त कार्यक्रमांना हे निकाल ठेवावेच लागतात. उत्तर द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर तेच तुमचं उत्तर समजा.

पैसे

सर्टिफिकेटचा अभ्यासक्रम साधारण नऊ महिने ते एक वर्ष, असोसिएट पदवी दोन वर्षं. कम्युनिटी कॉलेज बहुतेक वेळा खासगी नफ्याच्या शाळेपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं, फक्त प्रवेशाची वाट बघावी लागते.

नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर फाफ्साचा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीचा, अर्ज भरा. त्यातून मिळणारी पेल ग्रँट ही सरकारी मदत २०२४-२५ साली जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती आणि ती परत करावी लागत नाही. पण आपल्याकडच्या पुष्कळ जणींना इथे धक्का बसतो: बॅचलर्स पदवी झालेली असेल तर पेल ग्रँट मिळत नाही, मग ती पदवी भारतातली का असेना. फॉर्मवर पदवी लपवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका; ते सरकारी अर्जावरचं खोटं आहे. त्याऐवजी जवळच्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये (सरकारी रोजगार केंद्रात) जाऊन प्रशिक्षणासाठी मदत मिळते का ते विचारा. मोठ्या आरोग्यसंस्था पगार देऊन शिकवणारे अप्रेंटिसशिपचे कार्यक्रमही चालवतात. जागा कमी असतात, पण विचारायला काहीच हरकत नाही.

तिसरी पायरी: कागदपत्रं, आणि टीबीची चाचणी

प्रॅक्टिकमला जाण्याआधी पार्श्वभूमी तपासणी, ड्रग टेस्ट, बीएलएस सीपीआर कार्ड (हृदय बंद पडल्यास द्यायच्या प्रथमोपचाराचं) आणि लसींचे पुरावे लागतात. हिपॅटायटिस बी, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, धनुर्वात, फ्लू. आपल्यातल्या कितीजणांकडे लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड शिल्लक आहे? आईकडे जुन्या ट्रंकेत असलं तर नशीब. नसेल तर घाबरू नका. रक्तातली प्रतिपिंडं मोजणारी टायटर चाचणी करा. प्रतिकारशक्ती दिसली की काम झालं. हिपॅटायटिस बीचे तीन डोस मात्र साधारण सहा महिन्यांत पसरलेले असतात, म्हणून प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात सुरू करा.

टीबीचं विशेष सांगते. आपल्याला जन्मतःच बीसीजी दिलेली असते. दंडावरचा व्रण बघा. त्यामुळे कातडीतली टीबीची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग एक्स-रे, डॉक्टरांचं पत्र, नोंदी यात आठवडे जातात. आधीच सांगा की मला बीसीजी झालेली आहे, रक्तातली इग्रा चाचणी हवी आहे. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

चौथी पायरी: वर्गात काय शिकता, आणि कुठे मन लावायचं

विषयांची यादी कुठेही मिळेल: वैद्यकीय परिभाषा, शरीररचना, औषधशास्त्र, कायदा आणि नीती, कार्यालयीन काम, क्लिनिकल कौशल्यं. परिभाषा म्हणजे पाठांतर. रोज वीस शब्द, उपसर्ग-प्रत्यय तोडून. ते करावंच लागतं, त्यात दुसरी युक्ती नाही.

मन लावायचं ते हाताच्या कामात. रक्त काढणं घेऊ. टूर्निकेट (शीर फुगवणारा पट्टा) कोपराच्या तीन-चार बोटं वर बांधायचा आणि एका मिनिटाच्या आत सोडायचा, कारण जास्त वेळ ठेवला तर रक्त साठून आकडे बदलतात. शीर डोळ्यांनी शोधायची नाही, बोटाने शोधायची. ठळक निळी दिसणारी शीर बऱ्याचदा सुईखालून सटकते. न दिसणारी पण बोटाखाली रबरी नळीसारखी उसळी घेणारी शीर खरी. धमनी मात्र ठोके देते, तिच्या वाटेला जायचं नाही. सुई १५ ते ३० अंशांत, बेव्हल म्हणजे सुईच्या टोकाची तिरपी कापलेली बाजू वर.

मग नळ्यांचा क्रम. आधी रक्तातील जंतूंच्या चाचणीच्या बाटल्या, मग फिकी निळी, मग लाल किंवा सोनेरी, हिरवी, जांभळी, शेवटी राखाडी. पोरं हे गाण्यासारखं पाठ करतात आणि कारण विसरतात. प्रत्येक नळीत वेगळं रसायन असतं आणि सुईच्या टोकाला त्याचा अंश लागून पुढच्या नळीत जाऊ शकतो. जांभळ्या नळीतल्या ईडीटीएमध्ये पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियम पकडून ठेवतं. तुम्ही जांभळी आधी आणि हिरवी नंतर भरली, तर रुग्णाचं पोटॅशियम खोटं वाढलेलं आणि कॅल्शियम खोटं घटलेलं दिसू शकतं. मध्यरात्री प्रयोगशाळा डॉक्टरांना फोन करते, रुग्णाला आपत्कालीन विभागात बोलावलं जातं, आणि आजार असतो फक्त आपल्या क्रमात. कारण माहीत असलं की क्रम विसरत नाही.

नळ्या भरल्यावर हळुवार उलट्या-सुलट्या करायच्या, हलवायच्या नाहीत. जोरात हलवल्या तर तांबड्या पेशी फुटतात. आणि लेबल रुग्णासमोरच लावायचं. टेबलापर्यंत जाऊन लावू असं म्हणणारा एक दिवस चुकतो.

लेबलावरून आठवलं. इथे तारीख महिना-दिवस-वर्ष अशी लिहितात. रुग्णाची ओळख नाव आणि जन्मतारीख या दोन गोष्टींनी पटवतात, आणि आपला मेंदू ०४/०७ वाचून चटकन चार जुलै म्हणतो. ते सात एप्रिल असतं. पहिले काही महिने महिना शब्दांत उच्चारायची सवय लावा. रुग्णाला 'तुमची जन्मतारीख सात एप्रिलच ना?' असंही विचारू नका. त्यालाच सांगू द्या. होकार द्यायची सवय माणसाला असते, विशेषतः ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला.

औषधांची नावंही अशीच. पॅरासिटामॉल इथे ॲसिटामिनोफेन, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, ॲड्रिनलिन म्हणजे एपिनेफ्रिन. भारतातून आलेले आजी-आजोबा 'क्रोसिन घेतो' म्हणाले की तुम्हाला ते टायलेनॉलबरोबर दुहेरी होतंय हे कळेल. शेजारच्या सहकाऱ्याला कळणार नाही. इथे आपलं मूळ कामी येतं.

इंजेक्शनात कोन पाठ करा: स्नायूत ९० अंश, कातडीखाली ४५, कातडीत १० ते १५. दंडावर लस देताना खांद्याचं हाड बोटाने चाचपून त्याच्या दोन-तीन बोटं खाली जागा घ्यायची. घाईत फार वर दिली तर सुई सांध्यात जाते आणि रुग्णाचा खांदा महिनोन्‌महिने दुखतो. लसींचा फ्रिज २ ते ८ अंश सेल्सिअस. तापमान दिवसातून ठरल्या वेळी नोंदायचं, आठवलं तेव्हा नव्हे.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नये, हे पहिल्या दिवशी शिकवतात आणि तरीही त्यामुळे जखमा होतात. सुई टोचलीच तर लपवू नका. लगेच साबणपाण्याने धुवा आणि वरिष्ठांना सांगा. एचआयव्हीच्या शक्यतेवरची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकी चांगली, आणि ७२ तासांनंतर ती देत नाहीत.

कार्यालयीन बाजू कंटाळवाणी वाटते, पण नोकरी टिकते ती तिच्यावर. आयसीडी-१० म्हणजे आजाराचा कोड, सीपीटी म्हणजे केलेल्या कामाचा कोड. दोघांचं जुळलं नाही की विमा कंपनी पैसे नाकारते. प्रायर ऑथरायझेशनचा अर्ज नीट भरणारा एमए दवाखान्यात सगळ्यांचा लाडका असतो, कारण एमआरआय अडकलेला रुग्ण रोज फोन करत असतो. १९९६ च्या हिपा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची असते. आपल्या समाजात ही गोष्ट जड जाते. मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या काकू विचारतील, 'अगं, त्या तुझ्या दवाखान्यात आल्या होत्या ना?' उत्तर एकच: 'काकू, मी कामाचं काही बोलू शकत नाही.' 'आल्या होत्या' एवढंही नाही.

पाचवी पायरी: प्रॅक्टिकम

मान्यताप्राप्त कार्यक्रमात किमान १६० तास प्रत्यक्ष दवाखान्यात काढावे लागतात, बहुतेक बिनपगारी. ही नोकरीची मुलाखतच आहे असं समजून जा. निम्म्या मुलींना मी त्याच दवाखान्यात कामाला लागताना पाहिलंय.

खिशात छोटी वही ठेवा. रोज काय केलं, किती वेळा, कुणाच्या देखरेखीखाली, हे लिहा. रुग्णाचं नाव मात्र नाही. पुढे रेझ्युमेवर 'रक्त काढता येतं' यापेक्षा 'प्रॅक्टिकममध्ये ८५ वेळा रक्त काढलं' हे वाक्य वजनदार ठरतं. रिकामा वेळ मिळाला की फोन काढू नका, खोल्यांतलं सामान भरा. आणि जे येत नाही ते 'येतं' म्हणू नका. आपल्यात 'नाही येत' म्हणणं कमीपणाचं वाटतं, पण इथे त्या दोन शब्दांनी विश्वास वाढतो. 'मी हे एकदा तुमच्यासमोर करू का?' असं विचारलं की कुणी नाही म्हणत नाही.

परीक्षा कोर्स संपल्यावर लगेच द्या. सहा महिने गेले की परिभाषा वाहून जाते.

सहावी पायरी: राज्याचा नियम वाचा

एमएला काय करता येतं हे राज्य ठरवतं. कॅलिफोर्नियात सर्टिफिकेट कायद्याने सक्तीचं नाही, पण इंजेक्शन द्यायचं तर त्याचं किमान १० तासांचं प्रशिक्षण आणि प्रत्येक प्रकारची १० इंजेक्शनं देखरेखीखाली दिलेली हवीत. रक्त काढण्यासाठीही तसंच. सलाइनची सुई लावता येत नाही, फोनवर स्वतःच्या मनाने रुग्णाला 'या' किंवा 'थांबा' असा सल्ला देता येत नाही. वॉशिंग्टन राज्यात उलट आहे: तिथे राज्याच्या आरोग्य विभागाची नोंद लागतेच. ही पद्धत १ जुलै २०१३ पासून आली. तिथला 'सर्टिफाइड' प्रकार परीक्षा देऊन मिळतो आणि नोकरी बदलली तरी राहतो. 'रजिस्टर्ड' प्रकार ज्या दवाखान्याने शिफारस केली त्याच्याशी बांधलेला असतो. नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन-तीन वर्षांनी राज्य बदलायची शक्यता असेल तर हा फरक फार महत्त्वाचा आहे.

सातवी पायरी: नोकरी

कामगार सांख्यिकी विभागाच्या मे २०२४ च्या आकड्यांनुसार एमएचा मध्यम वार्षिक पगार ४४,२०० डॉलर होता. महागड्या शहरांत जास्त, पण तिथलं भाडंही तसंच. मागणी सरासरीपेक्षा वेगाने वाढतेय आणि निम्म्याहून जास्त जागा डॉक्टरांच्या दवाखान्यांत आहेत.

रेझ्युमेवर भाषा लिहा: मराठी, हिंदी, येत असेल तर गुजराती. मुलाखतीत मात्र स्पष्ट विचारा की दुभाषाचं काम करायचं असेल तर त्याची चाचणी होते का. घरची भाषा येणं वेगळं आणि कर्करोगाच्या निदानाचा एक शब्दही न गाळता भाषांतर करणं वेगळं.

पहिली नोकरी जमल्यास फॅमिली मेडिसिन किंवा इंटर्नल मेडिसिनमध्ये घ्या. त्वचारोग किंवा डोळ्यांच्या दवाखान्यात काम शांत असतं, पण वर्षभर रक्त काढलं नाही की हाताची सवय जाते. आधी हात पक्का करा.

पुढच्या वाटा

एमए राहूनही वाढता येतं: लीड एमए, लस समन्वयक, संशोधन समन्वयक, दवाखान्याचा व्यवस्थापक. कागदाची बाजू आवडली तर मेडिकल कोडिंग. त्याची वेगळी परीक्षा असते आणि घरून काम मिळू शकतं.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा रस्ता नर्सिंगचा. त्याच मे २०२४ च्या आकड्यांत परवानाधारक प्रॅक्टिकल नर्सचा मध्यम पगार ६२,३४० आणि रजिस्टर्ड नर्सचा ९३,६०० डॉलर होता. पण एमए ही नर्सिंगची पहिली पायरी नाही, हे कॉलेजवाले सांगत नाहीत. एमएचे बहुतेक क्लिनिकल क्रेडिट्स नर्सिंगला चालत नाहीत. नर्सिंगला जायचं मनात असेल तर एमए करतानाच शरीररचना व शरीरक्रियेचे दोन पूर्ण कोर्स आणि सूक्ष्मजीवशास्त्र, प्रयोगशाळेसकट, असे घ्या की ते हस्तांतरित होतील. 'आरोग्य व्यावसायिकांसाठी शरीररचना' असा एकच छोटा कोर्स एमएला पुरतो, नर्सिंगला नाही. काही नर्सिंग कॉलेजं पाच-सात वर्षांपेक्षा जुने विज्ञानाचे क्रेडिट्स मानत नाहीत, तेव्हा मुलं मोठी होईपर्यंत थांबायचा बेत असेल तर हे कोर्स आत्ता करू नका.

पीएला जायचं असेल तर एमएचे तास खरोखर मोलाचे आहेत. अनेक पीए कार्यक्रम रुग्णसेवेचे हजार किंवा त्याहून जास्त तास मागतात आणि एमएचं काम त्यात धरतात. पहिल्या दिवसापासून तास आणि कामाचं स्वरूप महिन्याच्या महिन्याला एका तक्त्यात लिहून ठेवा, आणि नोकरी सोडताना वरिष्ठांची सही घ्या. चार वर्षांनी तो दवाखाना विकला गेलेला असतो आणि तुमचे तास कुणालाच आठवत नाहीत.

सीएमए असाल तर पाच वर्षांत ६० गुणांचं सततचं शिक्षणही जमवायचं असतं. दर वर्षी बारा गुण धरा. प्रत्येक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळालं त्याच दिवशी त्याचा फोटो काढून स्वतःला ईमेल करा, दवाखान्याच्या संगणकावर ठेवू नका. नोकरी सुटली की तो संगणकही सुटतो.